गिटारचा पिकअप सिलेक्टर स्विच बदलताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पावसाळा सरून लग्नसराई आणि जत्रांचा हंगाम जवळ आला की म्हापशातल्या आमच्या कार्यशाळेत इलेक्ट्रिक गिटारी येऊ लागतात. तक्रारी बहुतेक सारख्याच: पिकअप (तारांचं कंपन टिपणारा चुंबकी भाग) बदलताना खरखर होते, एका बाजूला आवाजच येत नाही, स्विचची दांडी जरा दाबून धरली तर येतो. यातल्या पुष्कळ तक्रारींचं मूळ सिलेक्टर स्विचमध्ये, म्हणजे कोणता पिकअप वाजावा ते निवडणाऱ्या स्विचमध्ये असतं. ज्यांचा हात सोल्डरिंगवर बसला आहे त्यांना हे काम घरी नक्की जमतं, आणि त्यांनी ते करावं असं आम्हाला मनापासून वाटतं. मात्र एक गोष्ट आधीच पक्की करा. जुन्या स्विचच्या तिसऱ्या पायावर (वायर सोल्डर करायच्या धातूच्या टोकावर) वायर होती म्हणून नव्याच्याही तिसऱ्या पायावर जोडू नका. वायर कोणत्या कामाची आहे ते बघा आणि त्या कामाचा पाय शोधून तिथे जोडा. घरी स्विच बदलून मग आमच्याकडे आलेल्या गिटारींत सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच.

आधी स्विच खरंच गेलाय का?

आपल्याकडची हवा खारी आणि दमट. स्विचच्या आतल्या धातूच्या पट्ट्यांवर थर चढतो आणि स्पर्श नीट होत नाही. असा स्विच फेकून देण्याआधी साफ करून बघा. उघड्या सांगाड्याचा ब्लेड स्विच (फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरसारख्या गिटारींवरचा) असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा छोटा फवारा मारून दांडी पुष्कळदा इकडून तिकडे फिरवा. गिब्सनच्या लेस पॉल गिटारच्या पद्धतीच्या टॉगल स्विचमध्ये दोन पट्ट्या जिथे एकमेकींना टेकतात तिथे साध्या कागदाची अरुंद पट्टी घाला, तिला क्लीनरचा एक थेंब लावा आणि हळूच ओढून काढा. कागदावर काळी रेघ उमटते, तोच तो मळ. पॉलिश पेपर मात्र घासू नका. पट्ट्यांवरचा मुलामा गेला की स्विच खरोखरच कामातून जातो. शिलाई मशीनचं तेलही नको, त्यावर धूळ बसते.

व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर दोष पॉटचा (बटणाखालच्या फिरत्या भागाचा), केबल हलवल्यावर होत असेल तर जॅकचा (केबल खुपसायच्या भोकाचा). दांडी हलवल्यावर आवाज जात-येत असेल तरच स्विचकडे वळा.

स्विच विकत घेताना

स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली तेव्हा तिच्यावर तीन जागांचा स्विच होता. वादक दांडी दोन जागांच्या मधे अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवत, आणि शेवटी फेंडरने १९७७ मध्ये पाच जागांचा स्विच दिला. आज पाच-वे ब्लेड स्विच मुख्यतः दोन घडणींत मिळतो. अमेरिकन घडणीचा उघड्या सांगाड्याचा असतो, त्याचे पाय वर्तुळाकार चकतीच्या दोन्ही बाजूंना असतात. आशियाई घडणीचा बंद डबीसारखा असतो आणि त्याचे आठ पाय एका ओळीत असतात. दोन्हींचे स्क्रू बहुतेकदा सुमारे ४१ मिमी अंतरावर येतात, त्यामुळे पिकगार्डवर (गिटारच्या पुढच्या पातळ पाटीवर) कोणताही बसेल असं वाटतं. पण उघडा स्विच जास्त खोल असतो. स्वस्त गिटारींतली पोकळी उथळ असली तर पाय लाकडाला टेकतात, म्हणून आधी पट्टीने खोली मोजा. दांडीवरची प्लास्टिकची टोपीही एका घडणीची दुसरीला बहुधा बसत नाही.

टॉगलमध्ये घोळ आट्यांचा. अमेरिकन स्विचचा गळा १५/३२ इंच म्हणजे सुमारे ११.९ मिमी, आणि पुष्कळ आशियाई स्विचचा १२ मिमी. भोकात दोन्ही जातात, पण एकाचा नट दुसऱ्यावर चढत नाही. जोर लावून चढवला तर आटे जातात. नट आणि वायसर नव्या स्विचसोबतचेच वापरा.

कॉमन पाय शोधणं

सगळ्या कामाची किल्ली इथे आहे, म्हणून जरा सविस्तर. पाच-वे स्विच म्हणजे एका दांडीवर चालणारे दोन वेगळे स्विच. प्रत्येकाला चार पाय: तीन पिकअपसाठी आणि एक कॉमन, म्हणजे तिन्हींसाठी सामायिक. डबीच्या स्विचमध्ये या पायांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, त्यामुळे नेटवरच्या आकृतीवर विसंबू नका.

नवा स्विच वायर लावण्याआधीच हातात घ्या आणि मल्टीमीटर बीपवर ठेवा. दांडी एका टोकाला लावा आणि कोणत्या दोन पायांमध्ये बीप वाजते ते बघा. मग दांडी मधे आणि नंतर दुसऱ्या टोकाला नेऊन तेच करा. प्रत्येक वेळी जोडीत हजर असणारा पाय तो कॉमन. त्याच्यावर मार्करने ठिपका द्या. दोन्ही भागांसाठी हे करा आणि प्रत्येक पाय कोणत्या जागेला जोडला जातो ते कागदावर उतरवा.

जोडणी

स्ट्रॅटच्या नेहमीच्या जोडणीत पहिल्या भागाच्या तीन पायांवर ब्रिज (तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात तिथला), मधला आणि नेक (मानेजवळचा) या पिकअपच्या सिग्नल वायर येतात. त्याचा कॉमन व्हॉल्यूम पॉटला जातो. दोन्ही कॉमन एका छोट्या वायरने जोडलेले असतात, आणि दुसऱ्या भागाच्या नेक व मधल्या पायांवरून वायर दोन टोन पॉटना जातात. दुसऱ्या भागाचा ब्रिजचा पाय जुन्या पद्धतीत रिकामाच असतो. म्हणून ब्रिज पिकअपवर टोनचं बटण चालत नाही. तो बिघाड नव्हे. हवं असेल तर त्या पायावरून मधल्या पायाला एक छोटी वायर जोडा, ब्रिजलाही टोन मिळेल.

लेस पॉलमध्ये दोन्ही व्हॉल्यूम पॉटच्या वायर टॉगलच्या बाहेरच्या दोन पायांवर येतात. आतले दोन पाय एकमेकांना जोडून तिथून जॅककडे जायचं, आणि सांगाड्याच्या पायाला ग्राउंड. आतले दोन जोडायला विसरलात तर एकच पिकअप वाजेल.

सोल्डर ६०/४० चं, आत रोझिन असलेलं घ्या. आम्ल असलेला फ्लक्स अजिबात नको, इथल्या दमट हवेत तो वर्षभरात तांब्याला हिरवं करतो. आयर्न ३५० अंशांच्या आसपास ठेवा आणि पायावर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर आतलं प्लास्टिक वितळून दांडी अडखळू लागते. गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर काम सुरू करण्याआधी काढून ठेवा.

जोडून झाल्यावर

तारा चढवण्याआधी ॲम्प लहान आवाजावर लावा आणि स्क्रू ड्रायव्हरने प्रत्येक पिकअपवर हलकेच टिचकी मारा. ज्या जागी जो पिकअप हवा तोच ‘टक्’ वाजायला हवा. क्रम उलटा आला तर काहीही उपटू नका; दोन स्क्रू काढा, स्विच फिरवून उलटा बसवा, झालं.

मग तारा चढवून त्यांना हात लावा. ॲम्पमधली घुमघुम (हम) कमी झाली तर ग्राउंड ठीक आहे. उलट वाढली तर जॅकवर सिग्नल आणि ग्राउंडची अदलाबदल झाली आहे. काहीच फरक पडला नाही तर ब्रिजखालची ग्राउंड वायर सुटली असावी, ती जोडल्याशिवाय गिटार वापरू नका. आणि कृपा करून, मंडपात जनरेटरवर वाजवताना ॲम्पच्या सॉकेटला अर्थिंग आहे की नाही हे लाइटवाल्याकडून आधी तपासून घ्या. तारा ग्राउंडला जोडलेल्या असतात, हात तारांवर आणि ओठ माइकला, अशा वेळी खराब अर्थिंग जिवावर बेतू शकतं.

आमच्याकडे आणत असाल तर

गिटारसोबत तुमची नेहमीची केबलही आणा, दोष कधी कधी तिच्यातच निघतो. तुम्ही वायर सोडवून ठेवल्या असतील आणि आधीचा फोटो काढलेला असेल तर तो फोनमध्ये ठेवा. काढलेला जुना भाग आम्ही पाकिटात घालून परत देतो आणि नव्या जोडणीची हाताने काढलेली आकृती पिकगार्डच्या मागे चिकटवतो, पुढे कोणीही दुरुस्ती केली तरी उपयोगी पडेल. शुक्रवारी बाजारामुळे गाडी लावायला जागा मिळत नाही, तेव्हा शक्यतो इतर दिवशी या.