बर्फाखालचा कच्चा थर

उतारावरचा बर्फ वरून एकसंध दिसला तरी तो थराथरांनी रचलेला असतो. भटक्यांचे आणि स्कीपटूंचे जीव घेणारी बहुतेक हिमस्खलनं ‘स्लॅब’ प्रकारची असतात. वरचा घट्ट थर खालच्या कच्च्या थरावरून अख्खाच्या अख्खा सुटतो आणि बहुतेक वेळा त्याला निमित्त होतं ते त्याच माणसाचं किंवा त्याच्या सोबत्याचं वजन.

कच्चा थर घडतो थंडीमुळे. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास असतं, निरभ्र रात्री पृष्ठभाग मात्र उणे 20 अंशांपर्यंत उतरू शकतो. बर्फ 2 मीटर जाड असेल, तर 10 सेंटिमीटरला सरासरी 1 अंश फरक पडतो. अर्धा मीटर असेल, तर 4 अंश. फरक 1 अंशाच्या पुढे गेला की बर्फातली वाफ वर सरकत दाण्यांवर पुन्हा गोठते आणि भरड साखरेसारखे, एकमेकांना न धरणारे कोनदार दाणे तयार होतात. म्हणून मोसमाच्या सुरुवातीचा पातळ बर्फ आणि त्यावर आलेली कोरडी थंडी यांची आम्हाला सर्वाधिक धास्ती वाटते. असा थर पुढच्या हिमवृष्टीखाली गाडला जातो आणि कित्येक आठवडे तसाच राहतो.

तपासणीसाठी बर्फात खड्डा खणून उताराला आडवा 90 सेंटिमीटर रुंद आणि उताराच्या दिशेने 30 सेंटिमीटर असा स्तंभ मोकळा करतात. एका टोकावर फावड्याचं पातं ठेवून 10 थापा मनगटातून, 10 कोपरातून, 10 खांद्यातून मारतात. तडा एकाच थापेत (किंवा फार तर पुढच्या थापेत) पूर्ण स्तंभभर धावला, तर त्या उतारावर जाऊ नये. तडा गेला नाही, तरी तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये! खड्डा एका जागेचंच सांगतो. खडक डोकावतात तिथे बर्फ पातळ असतो. वजन कच्च्या थरापर्यंत पोहोचतं ते नेमकं तिथे.

पायाखालून ‘धुप्’ असा आवाज आला किंवा पावलापासून भेगा धावल्या, तर परीक्षेची गरजच उरत नाही. 30 ते 45 अंशांचे उतार टाळावेत, त्यांच्या पायथ्याची सपाटीसुद्धा. वाऱ्याने आडोशाच्या बाजूला रचलेला बर्फ विशेष संशयाचा.

धोक्याचा टप्पा एकेकानेच ओलांडावा. प्रत्येकाकडे 457 किलोहर्ट्झचा ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग लावणारं रेडिओ-यंत्र), शोधकाठी आणि धातूचं फावडं हवंच. गाडलेला माणूस काठीला लागला की काठी तिथेच रोवलेली ठेवावी, खोलीच्या दीडपट अंतर उताराच्या खाली सरकावं आणि तिथून आडवं खणत जावं. थेट वरून खणल्यास त्याच्या श्वासाची पोकळी चेपते.