किंकाळीपाठोपाठ हसू का येते?

सोलापुरात जानेवारीत ग्रामदैवत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते, तेव्हा होम मैदानावरच्या आकाशपाळण्याखाली थोडा वेळ उभे राहून चेहरे पाहावेत. पाळणा वरून खाली झेपावताना डोळे घट्ट मिटून किंचाळणारी माणसेच तळाशी येताच खळखळून हसू लागतात.

फ्रँक ऑझ दिग्दर्शित ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ (१९८६) हा संगीतमय भयपट मला याच कारणाने मोलाचा वाटतो. फुलांच्या दुकानातला एक भिडस्त नोकर माणसाच्या रक्तावर वाढणारे झाड जोपासतो, आणि ते झाड ठेक्यात गाणी म्हणत आणखी खायला मागते.

धोका दिसताच अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात उतरते आणि छाती धडधडू लागते. धोका खोटा असल्याचे मनाला चटकन उमगले, तरी शरीराची खळबळ तितक्या चटकन शमत नाही. मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांच्या सिद्धान्तानुसार ही उरलेली उत्तेजना पुढच्या भावनेत मिसळून तिला बळ देते. म्हणूनच भीतीनंतरचा विनोद एरवीपेक्षा अधिक हसवतो.

मात्र त्यासाठी आधी झाड जिवंत वाटायला हवे. झाडाची बाहुली अवजड असल्याने तिचे ओठ गाण्याच्या लयीत हलेनात, तेव्हा कॅमेरा सेकंदाला २४ ऐवजी १६ किंवा १२ चौकटींच्या वेगाने चालवला गेला आणि सोबतच्या नटांनी मुद्दाम संथ अभिनय केला. हे चित्रण नेहमीच्या वेगाने दाखवताच झाड चपळ झाले. ओठांची हालचाल आणि आवाज जुळले, की आवाज त्याच तोंडातून येतो असे मेंदू मानतो. बोलक्या बाहुल्यांचा खेळही यावरच चालतो.

सर्वांत बोलका पुरावा मात्र शेवटाचा आहे. मूळ रंगमंचीय संगीतिकेत (१९८२) झाड नायक-नायिकेला गिळते, आणि प्रेक्षक ते आनंदाने स्वीकारत. चित्रपटही तसाच संपवला होता, पण चाचणी खेळांतल्या प्रेक्षकांना तो शेवट सोसवला नाही. ऑझ यांनी दिलेले कारण सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात नाटके पाहणाऱ्या कोणालाही पटेल: नाटकात मेलेला नट अखेरीस हात जोडून पुन्हा समोर येतो, चित्रपटात तो मेलेलाच राहतो. धोका खोटा असल्याची ती खात्रीच नाहीशी झाली होती. अखेर नवा शेवट चित्रित करून दोघांना जिवंत ठेवावे लागले.