पावसाळ्यातला आपला डबा आणि चिनी आहारविचार

जूनपासून आपल्या डब्यात काही पदार्थ बदललेले दिसतील. दह्यातल्या कोशिंबिरी आणि कच्ची काकडी कमी झाली असून त्यांच्या जागी पेज, उकडलेल्या भाज्या आणि पातळ सार आले आहे. फोंड्यातील आमच्या स्वयंपाकघराने हा बदल पारंपरिक चिनी वैद्यकातील आहारविचारावरून केला आहे. आपण जे खाता त्यामागचे कारण आपल्याला ठाऊक असावे, म्हणून हे माहितीपत्रक.

चिनी भाषेत आहारोपचाराला 'शिलियाओ' म्हणतात. सातव्या शतकातील वैद्य सुन सिमियाओ यांनी इ.स. 652 च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात आहारावर स्वतंत्र प्रकरण लिहिले, आणि वैद्याने आधी अन्नाने उपचार करावा, त्याने गुण आला नाही तरच औषधाकडे वळावे, असे सांगितले. या परंपरेत प्रत्येक पदार्थाला थंड, शीतल, सम, उबदार किंवा उष्ण अशी प्रकृती मानतात. तिचा ताटातल्या वाफेशी संबंध नसतो. कढत मुगाचे कढणही शीतलच मानले जाते. पचनाचे काम ही परंपरा प्लीहा आणि जठर या जोडीकडे सोपवते. मात्र ही प्लीहा म्हणजे शरीरशास्त्रातला तो अवयव नव्हे, तर अन्नाचे शक्तीत रूपांतर करणाऱ्या कार्याला दिलेले ते नाव आहे.

गोव्यात हा विचार सर्वांत जवळचा वाटतो तो पावसाळ्यात. चिनी वैद्यकात 'दमटपणा' हे अस्वास्थ्याचे एक कारण मानले आहे. हवेतला ओलावा आणि कच्चे, तेलकट, अतिगोड अन्न एकत्र आले की पचन मंदावते, अंग जड होते आणि जिभेवर जाड थर येतो, अशी ती मांडणी आहे. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगची हवाही आपल्यासारखीच दमट, आणि तिथल्या घरांतून मंद आचेवर तासन् तास शिजवलेली सूप याच विचाराने केली जातात. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येण्याच्या दिवसांत ही कल्पना आपल्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

यासाठी परदेशी जिन्नस मागवण्याची गरज आम्हाला वाटत नाही. चीनमध्ये आजाऱ्याला आणि म्हाताऱ्याला देतात ती तांदळाची 'झोऊ' म्हणजे आपली पेजच आहे. सिचुआन मिरी आणि आपले तिरफळ एकाच प्रजातीतले असून दोन्हींनी जिभेला सारख्याच झिणझिण्या येतात. चिनी वैद्यक सिचुआन मिरीला पोटात ऊब आणणारी आणि दमटपणा घालवणारी मानते. प्लीहेला बळ देणारा म्हणून तिथे वापरला जाणारा 'शान याओ' हा कंद आपल्या काटेकणगीच्या कुळातला आहे. थंडीत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काटेकणगी येऊ लागली की आम्ही ती खतखत्यात घालतो.

पेज घरी करायची असल्यास एक वाटी उकडे तांदूळ धुऊन दहा वाट्या पाण्यात घालावेत, बोटाच्या पेराएवढे आले ठेचून टाकावे आणि एक उकळी आली की आच अगदी मंद करावी. साधारण तासाभराने दाणा फुटून पाण्याला दाटपणा येतो; तोपर्यंत झाकण तिरके ठेवावे, नाहीतर पेज उतू जाते. मीठ शेवटी घालावे. आले ओलेच घ्यावे, कारण चिनी वैद्यकात ओले आले उबदार आणि सुंठ उष्ण मानली आहे. पहिल्या वर्षी आम्ही पेजेत सुंठ घातली आणि काही ग्राहकांना छातीत जळजळ झाली. तेव्हापासून हा फरक आम्ही कटाक्षाने पाळतो. कुर्ल्या चिनी वैद्यकात थंड मानल्या असल्यामुळे तिथे त्या आल्याबरोबर खातात. म्हणून आमच्या कुर्ल्यांच्या रश्शातही आले नेहमीपेक्षा अधिक असते.

हा आहार औषध नव्हे, आणि 'थंड', 'उष्ण', 'दमटपणा' या पारंपरिक कल्पना आहेत, प्रयोगशाळेतल्या तपासणीचे निदान नव्हे. आयुर्वेदातील उष्ण-शीत विचार काही ठिकाणी याच्याशी जुळतो आणि काही ठिकाणी जुळत नाही. वैद्यांनी आपल्याला पथ्य दिले असेल तर तेच पाळावे. मधुमेह असलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे की फार शिजलेल्या पेजेने रक्तातील साखर लवकर वाढते. त्यांच्यासाठी आम्ही पेज थोडी देतो आणि सोबत अख्खे मूग व भाजी वाढवतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्यांनी गोजीसारखी सुकी चिनी फळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आमच्या डब्यात ती नसतात.

कुर्ल्या, तीळ किंवा शेंगदाणे यांची ॲलर्जी असल्यास, तसेच पेजेऐवजी भात हवा असल्यास, कृपया आदल्या दिवशी संध्याकाळी सहापूर्वी कळवावे, कारण तांदूळ आणि कडधान्ये आम्ही त्यानंतर भिजत घालतो.