नवं सर्च इंजिन, पण सूची कुणाची?

‘नवं सर्च इंजिन’ या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपून जातात. एक इंजिन स्वतः वेबवर फिरतं, पानं गोळा करतं आणि त्यांची सूची, म्हणजे इंडेक्स, बनवतं. दुसरं इंजिन आपला प्रश्न मोठ्या इंजिनाकडे पाठवतं आणि आलेली उत्तरं आपल्या मांडणीत दाखवतं. शोधाची चौकट दोघांचीही सारखीच दिसते, त्यामुळे वापरून बघणाऱ्याला फरक कळत नाही.

इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची. शब्दापुढे तो ज्या ज्या पानांवर आला, त्यांची यादी. फरक इतकाच, की छापलेलं पुस्तक बदलत नाही आणि वेब रोज बदलतं. त्यामुळे क्रॉलरला, म्हणजे वेबवर फिरून पानं गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमला, त्याच पानांवर पुन्हा पुन्हा जावं लागतं. सूची एकदा बनवणं महाग आहेच. खरा खर्च ती ताजी ठेवण्यात आहे.

१९९० च्या ‘आर्ची’ या सुरुवातीच्या शोधसाधनात फक्त फायलींची नावं शोधता येत. १९९४ मध्ये ‘वेबक्रॉलर’नं पानावरचा प्रत्येक शब्द शोधता येईल अशी सोय केली, पुढच्या वर्षी ‘अल्टाव्हिस्टा’ आलं. या इंजिनांची सूची स्वतःची होती. उसनवारीचं ठळक उदाहरण २००० नंतरचं: तेव्हाच्या सर्वांत गाजलेल्या पोर्टलनं चार वर्षं दुसऱ्याच्या इंजिनाची उत्तरं दाखवली, पुढे स्वतःचं इंजिन उभं केलं, आणि २००९ मध्ये करार करून शोधाचं काम मायक्रोसॉफ्टच्या ‘बिंग’ इंजिनाकडे सोपवलं. एवढ्या मोठ्या कंपनीलाही सूची सांभाळणं परवडलं नाही, तिथे लहानांनी कुठला मार्ग धरला असेल ते वेगळं सांगायला नको.

उलट वाटेनं गेलेल्या ‘कुइल’ या इंजिनाचं उदाहरण अजून दिलं जातं. जुलै २००८ मध्ये ते १२० अब्ज पानांच्या सूचीचा दावा करत आलं. पहिल्याच दिवशी सर्व्हर कोलमडले, आणि उत्तरांशेजारी भलत्याच माणसांचे फोटो दिसू लागले. दोन वर्षांनी ते बंद पडलं. त्यावरून ‘स्वतःची सूची करूच नये’ असा धडा अनेकांनी काढला. माझ्या मते तो चुकीचा होता. तिथे सूचीचा आकार कमी पडला नव्हता, उत्तरांचा दर्जा कमी पडला होता.

पण सूची करायचीच म्हटली, तरी दारं उघडी असावी लागतात. कुठल्या क्रॉलरनं आत यावं, हे साइट ‘रोबोट्स डॉट टीएक्सटी’ नावाच्या छोट्या फायलीत सांगते. १९९४ चा हा संकेत सर्व्हरवर ताण येऊ नये म्हणून आला. आज काही साइट तिथे बड्या इंजिनांची नावं घालून त्यांना वाट देतात आणि बाकी सगळ्यांना मज्जाव करतात. २०२४ मध्ये चर्चांच्या एका प्रचंड साइटनं तर पैशाचा करार झालेलं सर्वांत मोठं इंजिन सोडून जवळपास सगळ्यांनाच बाहेर ठेवलं. तिथल्या ताज्या चर्चा मग बिंगवरही दिसेनात.

उसनवारीचा रस्ताही अरुंद झाला. बिंगची उत्तरं विकत देणारी सेवा २०२३ मध्ये खूप महागली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी बंदच झाली. त्याऐवजी सुचवली गेली ती एआय सहायकांना जोडायची सेवा, जिच्यात उत्तरांची कच्ची यादी मिळत नाही. स्वतंत्र करार असलेली मोठी इंजिनं तगली. हा निर्णय कंपनीच्या हक्कातला होता, हे खरं. पण त्या यादीवरच उभ्या असलेल्या लहान इंजिनांना जेमतेम तीन महिने मिळाले, आणि तेवढ्यात वेबची सूची तयार होत नाही.

नवं इंजिन हाती आलं की एखाद्या आडवळणाच्या विषयावरचे चार-पाच शब्द त्यात टाकावेत आणि तेच बिंगमध्येही. पहिली दहा उत्तरं त्याच क्रमानं आली, तर सूची बहुधा उसनी आहे. ‘मोजीक’ किंवा ‘ब्रेव्ह सर्च’वर क्रम वेगळा दिसतो, कारण त्यांची सूची स्वतःची आहे. कधी त्यांची उत्तरं तोकडी पडतात, तर कधी इतरत्र खाली दबलेलं पान तिथे वर सापडतं.

युरोपातल्या दोन लहान इंजिनांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये एकत्र सूची उभारायचं जाहीर केलं. ऑगस्ट २०२५ पासून फ्रान्समधल्या काही शोधांना तिच्यातून उत्तरं मिळू लागली.