गिधाडं मोबाईल टॉवरमुळे संपली का?

"टॉवरच्या रेडिएशनने गिधाडं संपली" हा मेसेज आमच्या ग्वाल्हेरच्या फॅमिली ग्रुपवर अधूनमधून येतो, आणि पाठवणारे काळजीपोटीच पाठवतात. पण कारण वेगळं आहे. गिधाडं घटायला लागली नव्वदच्या दशकात, तेव्हा आपल्याकडे टॉवर होतेच किती? मेलेली गिधाडं उघडून पाहिली तर किडनी-लिव्हरवर चुन्यासारखा पांढरा थर, म्हणजे युरिक अ‍ॅसिड साचलेलं. गुरांना दुखण्यावर डायक्लोफेनॅक टोचायचे, ते जनावर लगेच मेलं की मांसातून औषध गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याची किडनी फेल. हा उलगडा 2004 मध्ये झाला, तोही पाकिस्तानातल्या गिधाडांवरून.

आता गिधाड खाण्यासाठी लांबलांब फिरतं, बॉर्डर त्याला काय कळणार, म्हणून एकट्या देशाने बंदी घालून भागत नाही. भारत, नेपाळ, पाकिस्तान तिघांनी 2006 मध्ये गुरांसाठी हे औषध बंद केलं, बांगलादेशने 2010 मध्ये. एरवी कशावर पटत नाही पण इथे जमलं, मला याचं फार मोल वाटतं.

पडताळायचं तर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात गुरांच्या औषधांच्या दुकानात विचारा, दुखण्यावर मेलॉक्सिकॅम देतात, ते गिधाडांना चालतं. आणि माणसांच्या डायक्लोफेनॅक इंजेक्शनची बाटली बघा, 2015 पासून एकाच डोसची असते, मोठी बाटली गुरांसाठी वळवता येऊ नये म्हणून.