ऑर्केस्ट्रा, वाद्यवृंद आणि आठ जणांची अट

छत्रपती संभाजीनगरात गेल्या हिवाळ्यात शाळकरी मुलांच्या व्हायोलिनवादनाचा एक छोटासा कार्यक्रम ठरला होता. तो झाला, पण सहा आठवडे उशिरा. परीक्षा आडव्या आल्या नव्हत्या की सभागृह मिळत नव्हतं असंही नाही. अर्जावरचा एक शब्द नडला. त्या निमित्ताने पालकांपैकी काहींनी विचारलं, की परदेशात मुलांच्या वाद्यवृंदांच्या मागे उभ्या राहणाऱ्या राष्ट्रीय संघटना असतात म्हणे, त्या झाल्या कशा आणि आपल्याकडे गाडी अडते कुठे? हे टिपण त्यासाठी. सिंफनी म्हणजे काय आणि व्हायोलिनला तारा किती, हे इथे सांगत बसत नाही.

अशी संघटना स्वतः वाद्यवृंद चालवत नाही, एवढं मात्र आधी सांगायला हवं. ती संगीतलिपीच्या प्रती उसन्या देते, वाद्यांच्या विम्याची सोय लावते, संचालकांची शिबिरं घेते, वर्षातून एकदा सगळ्यांना एका गावात जमवते आणि सरकारने अनुदान कापलं की पत्रं लिहिते. थोडक्यात, रुक्ष कामं. पण ती कोणी केली नाहीत तर चाळीस मुलांचा वाद्यवृंद दोन वर्षांत बारावर येतो.

या गोष्टीची सुरुवात बहुतेक जण दुसऱ्या महायुद्धानंतर धरतात. मला ती १८९७ पासून धरावीशी वाटते. त्या साली इंग्लंडमधल्या केंट परगण्यातल्या मेडस्टोन गावी एका साध्या शाळेत वर्गभर मुलांना एकत्र व्हायोलिन शिकवायला सुरुवात झाली. तोवर व्हायोलिन म्हणजे एक गुरू, एक शिष्य आणि घरात पैसा. इथे पुढाकार होता वाद्यं विकणाऱ्या लंडनच्या एका कंपनीचा, आणि तिचा हेतू सरळसरळ धंद्याचा होता. स्वस्तातलं व्हायोलिन कंपनी द्यायची, शिकवायची व्यवस्थाही तीच करायची आणि पैसे आठवड्याच्या हप्त्यांनी, अगदी चिल्लर पेन्यांत फेडून घ्यायची. दहाबारा वर्षांत या पद्धतीने शिकणारी मुलं चार लाखांच्या घरात गेली. म्हणजे तिथल्या सरकारी शाळांतल्या दर दहा मुलांमागे एक. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये हजारो मुलं एकाच वेळी गज ओढत असल्याचे कार्यक्रम होत. शालेय वाद्यवृंदांची पहिली देशव्यापी संघटना निघाली ती याच खटाटोपातून. बोस्टनचा एक शिक्षक हे पाहून गेला आणि १९११ मध्ये त्याने आपल्या शहरात तसेच वर्ग काढले. मग १९१४ चं युद्ध आलं आणि इंग्लंडातली ही लाट ओसरली.

हप्त्याचा हा मुद्दा मी मुद्दाम ताणतोय. आमच्याकडे क्लासची फी जूनमध्ये मागितली तर मिळत नाही. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचे पैसे हातात आले की मिळते, आणि ज्या वर्षी सोयाबीन गेलं त्या वर्षी मिळतच नाही. मेडस्टोनच्या आईबापांचंही गणित फार वेगळं नसावं.

पुढचा भाग भराभर सांगतो. अमेरिकेत पोर्टलंडला १९२४ मध्ये मुलांचा स्वतंत्र सिंफनी वाद्यवृंद निघाला. वेल्सने १९४५ मध्ये अख्ख्या देशातून मुलं निवडून राष्ट्रीय युवा वाद्यवृंद उभा केला, ब्रिटनचा १९४८ मध्ये झाला, ऑस्ट्रेलियातलं पहिलं राष्ट्रीय शिबिरही त्याच वर्षीचं. इंग्लंडच्या परगण्या-परगण्यात स्थानिक शिक्षण खात्यांनी फिरते वाद्यशिक्षक नेमले, वाद्यं फुकट वापरायला दिली. लेस्टरशायरच्या शाळांचा वाद्यवृंद तर इतका चांगला निघाला, की मायकेल टिपेट यांच्यासारखा मोठा रचनाकार तो वाजवून घ्यायला येत असे. १९८८ च्या शिक्षण कायद्याने पैसा थेट शाळांच्या हाती गेला आणि या फिरत्या शिक्षकांच्या नोकऱ्यांना कात्री लागत गेली. राष्ट्रीय संघटनांचा आवाज चढतो तो अशा वेळी. व्हेनेझुएलात मात्र १९७५ पासून सरकारच मुलांच्या वाद्यवृंदांचं मुख्य पोशिंदं राहिलं. त्या प्रयोगाचं जगभर कौतुक झालं आणि सरकारशी इतकी जवळीक बरी का, यावर वादही तेवढेच झाले.

आता आपल्या देशात. मुलांचा वाद्यवृंद ही पाश्चात्त्यांची कल्पना, असं कोणी म्हणालं की मी मध्य प्रदेशातल्या मैहरचं उदाहरण देतो. १९१८ च्या सुमारास, साथीच्या रोगांनी अनाथ केलेली पोरं गोळा करून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी तिथे बँड उभा केला. त्यात व्हायोलिन होतं, सतारही होती, आणि बंदुकीच्या नळ्या कापून केलेलं नलतरंगही होतं. त्यानंतरचं मोठं पाऊल १९५२ चं. आकाशवाणीने दिल्लीत राष्ट्रीय वाद्यवृंद स्थापन केला आणि त्याची सूत्रं पं. रविशंकर यांच्याकडे होती. ‘वाद्यवृंद’ हा शब्द घरोघरी पोचला तो रेडिओमुळे. याच आकाशवाणीने १९४० पासून हार्मोनियमला बंदी घातली होती, ती सत्तरीच्या दशकापर्यंत टिकली. मराठवाड्यातल्या संगीताच्या क्लासांवर या बंदीचा ढिम्म परिणाम झाला नाही. पेटी-तबला, प्रारंभिक-प्रवेशिका, आणि चिकाटी असेल तर विशारद, ही वाट तशीच चालू राहिली. गजाने वाजवायचं वाद्य शिकवणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणीही शोधावाच लागतो.

निजामाच्या काळातल्या छावण्यांचाही उल्लेख केला पाहिजे. औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आपलं अंबाजोगाई, इथे हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या पैशावर इंग्रज अधिकाऱ्यांनी चालवलेल्या फौजेच्या, पलटणी असत. लष्करी बँडचा वारसा लग्नाच्या वरातीत उतरला आणि शाळेच्या बँडपथकातही. दोन्हीकडे तोंडाने फुंकायची आणि काठीने बडवायची वाद्यं. शालेय बँडची जी राष्ट्रीय स्पर्धा अलीकडे होते, तिच्यातही ब्रास बँड आणि पाइप बँड एवढेच प्रकार आहेत. तंतुवाद्याला तिथे जागा नाही.

आणि आता तो शब्द.

मराठी माणसाला ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटल्यावर सिंफनी आठवत नाही. त्याला आठवतो गणपतीत चौकात बांधलेला स्टेज, चमकीच्या कोटातला निवेदक, काँगो-बाँगो, अकॉर्डियन, मध्येच मिमिक्री आणि कोणीतरी ‘व्हॉइस ऑफ मुकेश’. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पुण्या-मुंबईचे असे ऑर्केस्ट्रे आमच्या गावी येत, तेव्हा सायकलीवर दहा दहा कोसांवरून माणसं यायची. मी स्वतः पहिलं व्हायोलिन तिथेच पाहिलं. कडेला बसलेला एक गृहस्थ, दोन गाण्यांत चार ओळी वाजवून पुन्हा वाद्य मांडीवर. मुंबईच्या सिनेसंगीतात तेव्हा व्हायोलिनच्या रांगाच्या रांगा असत. त्यांतल्याच अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत हिंदुस्थानी रागांसाठी मोठा सिंफनी वाद्यवृंद बांधून दाखवला होता. तो टिकला नाही. पुढे सिंथेसायझर आला आणि त्या रांगाही गेल्या.

इथवर शब्द निरुपद्रवी होता. २००५ च्या ऑगस्टमध्ये राज्याने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून बारमधल्या नाचावर बंदी आणली. नाच बंद झाला, पण गाण्याचा परवाना देता येत होता, आणि हा परवाना ‘ऑर्केस्ट्रा’च्या नावाने मिळत असे. कालपर्यंतचे डान्स बार बघता बघता ऑर्केस्ट्रा बार झाले. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये बंदी घटनाबाह्य ठरवली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला, २०१६ मध्ये नवा कायदा आला, २०१९ मध्ये त्यातल्या बऱ्याच अटी सैल झाल्या. या चौदा वर्षांत वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ‘ऑर्केस्ट्रा’ हा शब्द बहुतेक वेळा ‘छापा’ या शब्दाच्या शेजारी छापला गेला.

परवान्याच्या अटींत आणखी एक गंमत होती. मंचावर चार स्त्रिया आणि चार पुरुष, याहून जास्त नकोत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्त्री-पुरुषांची ही वाटणी रद्द केली. आठांत कोण किती हे कलावंतांनी ठरवावं, सगळ्या बायका असल्या तरी चालेल. आठचा आकडा मात्र तसाच राहिला. ही अट बारपुरती आहे. शाळेच्या सभागृहाशी तिचा काडीचा संबंध नाही. पण ज्यांच्या टेबलावरून दोन्ही प्रकारचे अर्ज जातात, त्यांच्या डोक्यात ऑर्केस्ट्रा म्हणजे आठ माणसं हे घट्ट बसलेलं असतं. त्यातून मूळ नियम १९६० चे, आणि त्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे एका ओळीत.

आमचा अर्ज ‘युवा स्ट्रिंग ऑर्केस्ट्रा’ या नावाने गेला होता. शब्द माझाच, आणि मी तो मोठ्या झोकात लिहिला होता. शहरातल्या एका कार्यालयात समोरच्या गृहस्थांनी तो वाचला, चष्मा वर केला आणि विचारलं, “गायिका किती, सर?”

म्हटलं, “गायिका नाहीत. बावीस मुलं आहेत, व्हायोलिन वाजवणारी.”

“बावीस?” त्यांनी पेन खाली ठेवलं. “ऑर्केस्ट्राला आठच्या वर जमत नाही. आणि ही लहान मुलं म्हणताय, मग तर वेगळंच प्रकरण होतंय. टायमिंग काय टाकलंय? सायंकाळी सात? खाण्यापिण्याचं काय आहे?”

“बटाटेवडा,” माझ्यासोबतची एक आई म्हणाली.

गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी चहा पाजला आणि ‘वरून विचारून सांगतो’ म्हणाले. ते वरून यायला सहा आठवडे लागले. मधल्या काळात एका पालकाने मुलीला क्लासमधून काढलं, कारण तिच्या आजोबांनी गावात कोणाकडून तरी ऐकलं होतं की पोरगी ऑर्केस्ट्रात जाते. त्या आजोबांना मी दोष देत नाही. रोज पेपर वाचणाऱ्या माणसाला या शब्दाचा दुसरा अर्थ गेल्या वीस वर्षांत कोणी दाखवलाच नाही.

मग ‘वाद्यवृंद’ लिहा, असा सल्ला सगळे देतात. तोही सरळ नाही. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत ‘लोकवाद्यवृंद’ नावाचा प्रकार असतो आणि आमची कॉलेजची मुलं त्यात जीव ओतून संबळ, हलगी, दिमडी, तुणतुणं वाजवतात. त्यामुळे वाद्यवृंद म्हटल्यावर मराठवाड्यातल्या तरुणाला संबळच ऐकू येतो, आणि त्यात गैर काहीच नाही. ‘वृंदवादन’ हा शब्द त्यातल्या त्यात बिनवादाचा, पण ती क्रिया झाली, संस्थेला ते नाव शोभत नाही. पुन्हा ‘युवा’ म्हणजे कोण, हाही घोळ आहेच. ब्रिटनच्या राष्ट्रीय युवा वाद्यवृंदात ती किशोरवयीन मुलं, युरोपच्या वाद्यवृंदात सव्वीस वर्षांपर्यंतची. आमच्याकडे युवा नेता पंचेचाळिशीचा असतो.

वादनाची अडचण त्या मानाने सुटण्यासारखी आहे. आमच्या मुलांतली निम्मी विशारदच्या वाटेने आलेली. ती मांडी घालून बसतात, व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवतात आणि तारा षड्ज-पंचमाच्या जोड्यांत लावतात. उरलेली हनुवटीखाली धरून उभ्याने वाजवतात, त्यांच्या तारा जी-डी-ए-ई. एका गटाला भातखंडे लिपी येते, दुसऱ्याला पाच रेघांची. पहिल्या तालमीला अर्धा तास नुसत्या खुंट्या पिळण्यात गेला आणि एकीची तार तुटून गालावर बसली. शेवटी सगळ्यांना खुर्च्या दिल्या, स्वर एक ठरवला आणि गज वर कधी, खाली कधी, ते प्रत्येकाच्या कागदावर पेन्सिलीने खुणा करून दिलं. गज एका दिशेने हलायला लागले तसा आवाजही एक व्हायला लागला. मेडस्टोनच्या मास्तरांनीही पहिल्या महिन्यात याहून फार वेगळं केलं नसेल.

खरी कसोटी एप्रिल-मेमध्ये. पारा बेचाळीसवर गेला की कोरड्या हवेत स्वस्तातल्या व्हायोलिनचे सांधे सुटतात, घोडी वाकते, राळ पेटीतच चिकट होते. पुण्याला पाठवून दुरुस्त करायचं तर जाण्यायेण्याचा खर्च वाद्याच्या निम्म्याला भिडतो. जिथे राष्ट्रीय संघटना आहेत तिथे वाद्यांचा साठा, दुरुस्ती आणि विमा हे विषय त्यांच्या बैठकांत येतात. आमच्याकडे सध्या ते एका सुताराकडे आहेत. लाकडाची जाण चांगली, सरस कोणता वापरायचा हे त्याने एक व्हायोलिन बिघडवून शिकून घेतलं.

कार्यक्रमाचं परवानगीपत्र अखेर आलं, त्यावर प्रकाराच्या रकान्यात ‘शालेय सांस्कृतिक कार्यक्रम (व्हायोलिन इत्यादी)’ असं होतं. इत्यादीमध्ये एक चेलो आहे, तोही उसना. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोडा मोठा आणि खालच्या आवाजाचा भाऊ, अख्ख्या जिल्ह्यात आम्हाला सापडला नाही, म्हणून त्याचा भाग तिसऱ्या व्हायोलिनला लिहून दिला आहे. शालेय वाद्यवृंदांत ही युक्ती सगळीकडेच चालते. आजोबांची नात परत आली, ती सध्या हाच भाग वाजवते.