गावाने राखलेला संघ: ग्रीन बे पॅकर्सची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत मुसंडी मारण्याच्या खेळाच्या, नॅशनल फुटबॉल लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. त्यांपैकी ३१ संघ धनाढ्य व्यक्तींच्या, कुटुंबांच्या किंवा मोजक्या भागीदारांच्या मालकीचे आहेत. उरलेला एक विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या जेमतेम लाखभर वस्तीच्या शहराचा असून त्याचे भागधारक पाच लाखांहून अधिक आहेत. पॅकर्सवर लोकांचा एवढा जीव का, याचे उत्तर त्यांच्या विक्रमी १३ विजेतेपदांपेक्षा या मालकीच्या इतिहासात अधिक सापडते.

संघाची स्थापना १९१९ मध्ये कर्ली लँबो आणि स्थानिक वृत्तपत्राचे क्रीडा संपादक जॉर्ज कॅल्हून यांनी केली. लँबो मांस डबाबंद करणाऱ्या इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरीला होते. कंपनीने गणवेश आणि साहित्यासाठी ५०० डॉलर दिले आणि तिच्या धंद्यावरून संघ ‘पॅकर्स’ झाला. कंपनी लवकरच दुसऱ्याच्या हाती गेली, नाव तेवढे टिकले. १९२१ मध्ये संघ लीगमध्ये दाखल झाला. त्या काळी कँटन, रॉक आयलंड, डलूथ, पॉट्सव्हिल अशा छोट्या शहरांचेही संघ लीगमध्ये खेळत. पुढे खेळ महानगरांकडे सरकला आणि ते सगळे बंद पडले.

ग्रीन बेवरही ती वेळ अनेकदा आली. पावसाने सामन्यांचे उत्पन्न बुडाल्याने कर्जात गेलेला संघ वाचवण्यासाठी १९२३ मध्ये गावातल्या व्यापारी मंडळींनी ना-नफा तत्त्वावर कंपनी उभी केली आणि पाच डॉलरला एक असे भाग विकले. भाग घेणाऱ्याने हंगामाची किमान सहा तिकिटेही घ्यायची, अशी अट होती. १९२९ ते १९३१ अशी सलग तीन विजेतेपदे मिळूनही संकट टळले नाही. स्टँडवरून पडलेल्या एका प्रेक्षकाने खटला जिंकला, विमा कंपनी बुडाली आणि कारभार न्यायालयाने नेमलेल्या रिसीव्हरकडे, म्हणजे कर्जात बुडालेल्या संस्थेचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेला. तेव्हा, १९३५ मध्ये, गावाने १५,००० डॉलर उभे केले.

१९५० मध्ये लँबो संघ सोडून गेले, तिजोरी पुन्हा रिकामी झाली आणि २५ डॉलरच्या भागांची विक्री सुरू झाली. त्या वेळी राइट्सटाउनजवळच्या शेतावर राहणारी एक स्त्री संघाच्या कचेरीत आली ती पाव डॉलरची नाणी काड्यापेटीत भरून घेऊन. ती मोजली तर बरोबर २५ डॉलर भरतात, म्हणजे शंभर नाणी. पॅकर्सच्या साऱ्या इतिहासातून एकच प्रसंग निवडायचा झाला, तर मी कोणत्याही अंतिम सामन्याआधी हा निवडेन.

नव्या मैदानाचा प्रश्न १९५६ मध्ये मतदानाला आला, तेव्हा कट्टर प्रतिस्पर्धी शिकागो बेअर्सचे मालक जॉर्ज हॅलस स्वतः ग्रीन बेला आले आणि प्रस्तावाच्या बाजूने बोलले. प्रस्ताव मोठ्या बहुमताने मंजूर झाला आणि १९५७ मध्ये मैदान खुले झाले. लँबो यांच्या निधनानंतर १९६५ मध्ये त्याला त्यांचे नाव मिळाले. १९५८ मध्ये संघाने एकच सामना जिंकला होता. पुढच्याच वर्षी आलेल्या प्रशिक्षक व्हिन्स लोंबार्डी यांनी १९६१ ते १९६७ या सात हंगामांत पाच विजेतेपदे मिळवून दिली आणि आज सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकणाऱ्या संघाला मिळणारा करंडक त्यांच्याच नावाचा आहे. याच सुमारास, १९६१ मध्ये, दूरचित्रवाणीचे उत्पन्न सर्व संघांत समान वाटून घेण्याचा मार्ग कायद्याने मोकळा झाला. हा निर्णय झाला नसता, तर लोंबार्डींच्या कर्तृत्वानंतरही एवढ्या लहान शहराला न्यूयॉर्क-शिकागोच्या पैशापुढे तग धरणे कठीण होते.

३१ डिसेंबर १९६७ रोजी डॅलस काउबॉइजविरुद्ध झालेला सामना ‘आइस बोल’ म्हणून ओळखला जातो. उणे २५ अंश सेल्सिअसला मैदानाखालची तापवणारी यंत्रणा निकामी झाली, पंचांच्या शिट्ट्या गोठल्या, तरी ५०,००० प्रेक्षक जागचे हलले नाहीत. १६ सेकंद उरले असताना, हाताशी एकही टाइमआउट, म्हणजे घड्याळ थांबवण्याची संधी, नसताना, क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हलवणारा खेळाडू, बार्ट स्टार यांनी चेंडू कुणाकडे न देता स्वतःच बर्फावरून गोलरेषेपार अंग झोकून दिले आणि पॅकर्स २१-१७ असे जिंकले.

हंगामाची तिकिटे १९६० पासून संपलेलीच आहेत. प्रतीक्षायादी लाखाच्या पुढे असल्याने मूल जन्मताच त्याचे नाव नोंदवणारे पालक आहेत. जोराचे हिमवादळ झाले की मैदानातला बर्फ उपसायला गावकऱ्यांना बोलावले जाते आणि ते फावडी घेऊन रांगेत उभे राहतात. भागधारकाला मात्र लाभांश नाही, तिकिटात प्राधान्य नाही आणि नफ्यासाठी भाग विकण्याची सोयही नाही. उद्या संघ विकला गेलाच, तर पैसा धर्मादाय कार्याला जाईल, अशी तरतूद आहे. म्हणून संघ दुसऱ्या शहरात हलवून श्रीमंत होण्याचा मोह इथे कुणालाच होऊ शकत नाही. लीगच्या सध्याच्या नियमांनुसार असा दुसरा संघ आता निघू शकत नाही.

लोंबार्डींच्या काळापासून चालत आलेली एक प्रथा आजही उन्हाळी सराव शिबिरात दिसते. गावातली मुले सायकली घेऊन खेळाडूंची वाट पाहतात. शंभर-सव्वाशे किलोचा खेळाडू त्या इवल्याशा सायकलवर गुडघे बाहेर काढून बसतो, पेडल मारत सरावाच्या मैदानाकडे निघतो आणि सायकलचा धनी त्याचे हेल्मेट छातीशी धरून शेजारून पळत राहतो.